दाबलं की खिडकी उजळते: सणासाठी दिव्याचं कार्ड

माझं पहिलं दिव्याचं कार्ड पेटलंच नाही. चित्र झकास जमलं होतं: गडद निळी रात्र, टेकडीवर एकटं घर, वर चांदणी. पानं गोंदानं पक्की चिकटवली, जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवली, आणि सकाळी कोपरा दाबला तर अंधार. चिडून पानं सोलली, तेव्हा कारण दिसलं. एलईडी दिव्याचा एक तारेचा पाय तांब्याच्या पट्टीवरून केसभर उचलला गेला होता. बाकी सगळं बरोबर होतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केलाय. आधी दिवा पेटवायचा, मग तो पेटताच राहील याची खात्री करायची, आणि चित्र सगळ्यात शेवटी चढवायचं. विजेचं ज्ञान इथे फारसं लागत नाही. सेलच्या एका तोंडातून निघालेली वीज दिव्यातून जाऊन दुसऱ्या तोंडाशी परत आली पाहिजे, एवढं कळलं की पुरे. कार्ड बिघडतं ते जोडावर, त्यामुळे या लेखात मी जोडांबद्दलच जास्त बोलणार आहे.

आपण एकच कार्ड करू. ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध दुमडायचा, पुढच्या पानावर घर आणि चांदणी. उजवा खालचा कोपरा चिमटीत दाबला की घराची खिडकी आणि चांदणी उजळतात, सोडला की विझतात. सण कोणताही असो, चित्र बदला. आतली वायरिंग तीच राहते.

काय काय लागेल

कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर असतं) कागद घ्या. आतल्या सर्किटसाठी तसाच आणखी एक तुकडा, १४ बाय २० सेंमीचा. मग ५ किंवा ६ मिमी रुंदीची कॉपर टेप, ३ मिमीचे दोन एलईडी, सीआर २०३२ हा चपटा गोल सेल, फोमची डबल साइड टेप, ट्रेसिंग पेपर, एक काळा कागद, साधी चिकटपट्टी, कात्री, पट्टी आणि कर्कटक. एलईडी चार घ्या. पाय वाकवताना एखादा तुटतोच.

कॉपर टेप घेताना एक गोष्ट बघा. काही टेपचा डिंकही वीज वाहून नेतो, काहींचा नाही. पाकिटावर ‘कंडक्टिव्ह अॅडहेसिव्ह’ असं लिहिलं असेल तर उत्तम. तरी लिहिलेल्यावर विसंबू नका. दोन तुकडे एकावर एक चिकटवा आणि सेल व एलईडी मध्ये घालून वीज त्या जोडातून पलीकडे जाते का ते पाहा. जात नसेल तरी टेप फुकट जात नाही, फक्त ती कापून जोडायची नाही, अखंड वापरायची. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या कापूनही काम होतं, पण फॉइल पटकन फाटते, तिच्यावर डाक (सोल्डर) बसत नाही आणि चिकटवताना गोंद मध्ये आला की संपर्क तुटतो. पहिल्या कार्डाला तरी कॉपर टेपच घ्या.

सेलच्या नावातच त्याचं माप आहे. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. त्याचाच पातळ भाऊ सीआर २०१६, जाडी १.६ मिमी. दोन्ही ३ व्होल्टचे, पण पातळ सेलात वीज निम्म्याहूनही कमी मावते. मी जाडच घेते, कारण त्याची जाडी आडव्या झोपवलेल्या ३ मिमीच्या एलईडीइतकीच भरते आणि दोघांभोवती एकाच जाडीचा फोम लावून भागतं.

रंग निवडताना

नवखे इथे हमखास फसतात. मीही फसले होते: एकाच सेलवर लाल आणि पांढरा एलईडी लावला, लाल झगझगला आणि पांढरा मेल्यासारखा पडून राहिला.

प्रत्येक रंगाच्या एलईडीला पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतं. लाल आणि पिवळ्याला साधारण २ व्होल्ट, निळ्या आणि पांढऱ्याला ३ च्या आसपास. दोघांना शेजारी जोडलं की लाल दिवा २ व्होल्टलाच वीज प्यायला लागतो, सेलचं व्होल्टेज तिथेच खाली ओढलं जातं आणि पांढऱ्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही. पांढरा निळ्याच्या रांगेत का, असं वाटेल. तर नेहमीचा पांढरा एलईडी आतून निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडानं पिवळं चमकणाऱ्या भुकटीचा, थर दिलेला असतो. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ मध्येच पेटवला होता, पण नीट उजळणारा निळा यायला १९९० चं दशक उजाडलं. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो निळा आला नसता तर आपल्या खिडकीत पिवळसर पांढरा उजेडही आला नसता.

तेव्हा नियम सोपा ठेवा: एका सेलवर एकाच रंगाचे दिवे. घराच्या खिडकीला ‘वॉर्म व्हाइट’ शोभतो, चांदणीलाही चालतो. चांदणी लालच हवी असेल तर पांढरा दिवा ठेवून वर लाल जिलेटिन कागद लावा.

दिवे किती? दोन. तीन फार झाले. चित्रातली प्रत्येक गोष्ट चमकायला लागली की नजर कुठेच ठरत नाही, आणि जोडही तेवढे वाढतात.

एलईडी दुकानातून आणल्यावर लगेच तपासा. सेल दोन पायांच्या मध्ये सरकवा, लांब पाय प्लसच्या बाजूला. पेटला तर ठीक, नाही तर सेल उलटा करून पाहा. लांब पाय प्लस, आखूड मायनस. मायनसच्या बाजूला बल्बच्या गोल कडेला छोटी सपाटी असते, पाय कापल्यावर तीच खूण उरते. म्हणून पाय कापायच्या आधी प्लसच्या पायाला मार्करचा ठिपका द्या.

वीज मर्यादेत ठेवणारा छोटा भाग, म्हणजे रेझिस्टर, कुठे गेला, असं जाणकार विचारतील. एका गोल सेलला स्वतःचाच अंतर्गत विरोध बऱ्यापैकी असतो, तोच वीज आवरून धरतो. दोन सेल एकावर एक ठेवून ६ व्होल्ट केलेत तर मात्र प्रत्येक दिव्याला ३३० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर हवा.

आखणी

कार्डाचा कागद दुमडा, पुढच्या पानावर पेन्सिलीनं घर आणि चांदणी ढोबळ काढा. रंगवू नका. खिडकी साधारण दीड बाय दोन सेंमीची, चांदणी तेवढीच. दोन्ही शक्यतो एकाखाली एक येऊ द्या. चित्र पानाच्या वरच्या दोन तृतीयांशात बसवा, खालचा उजवा कोपरा सेलसाठी सोडायचा आहे. आता खिडकी आणि चांदणी कापून काढा, पुढचं पान सर्किटच्या कागदावर नीट बसवा आणि भोकांतून पेन्सिल फिरवून दोन्ही जागा खाली उतरवा.

मग स्वीचचा कोपरा. सर्किटच्या कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर ६ सेंमीवर खूण करा, खुणा जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर कोपरा आत दुमडा. दुमडलेला जो त्रिकोण दिसतो, त्याच्या साधारण मध्यावर सेल आरामात मावतो. तिथे कर्कटकाच्या टोकानं दोन्ही थरांतून आरपार टोचा. कोपरा उलगडलात की दोन भोकं दिसतील: एक कागदावर, तिथे सेल बसणार, आणि एक कोपऱ्याच्या पाळीवर, म्हणजे आत दुमडायच्या त्रिकोणावर, तिथे वरचा संपर्क येणार. मोजमाप चुकलं तरी ही दोन भोकं एकमेकांना चुकत नाहीत.

आता पेन्सिलीनं वाटा काढा. मायनसची वाट कागदावरच्या भोकापासून वर चांदणीपर्यंत, खिडकी आणि चांदणीच्या उजव्या अंगानं. प्लसची वाट पाळीवरच्या भोकापासून आडवी डावीकडे, तिरकी घडी ओलांडून, मग वर, खिडकी आणि चांदणीच्या डाव्या अंगानं. दोन वाटांमध्ये दिव्यांपाशी दीडेक सेंमी अंतर असू द्या. दिसायला ही उभी शिडी आहे: दोन बाजूंना दोन पट्ट्या, आणि एलईडी म्हणजे पायऱ्या. दोन्ही पायऱ्यांना पूर्ण ३ व्होल्ट मिळतात. दिवे एकामागून एक साखळीत जोडले असते तर दोन पांढऱ्यांना ६ व्होल्ट लागले असते. वाटा कुठेही एकमेकींना ओलांडत नाहीत ना, ते बोट फिरवून बघा.

पट्टी लावणं

टेपचा मागचा कागद एकदम सोलू नका, गुंडाळी होऊन चिकटते. दोन-दोन सेंमी सोलत, नखानं घासत पुढे जा.

वळणावर टेप कापायची नाही. जिथे वळायचं तिथपर्यंत ती चिकटवा. मग जिकडे जायचं त्याच्या उलट दिशेला टेप मुडपा, चिकट बाजू वर येईल. घडी नखानं दाबा आणि टेप तिथूनच स्वतःवर परत फिरवून हव्या त्या दिशेला न्या. कोपऱ्यावर छोटी त्रिकोणी चुणी पडते. पहिल्यांदा बोटं गोंधळतात, म्हणून रद्दी कागदावर दोन वळणं करून बघा. तिसऱ्याला हात आपोआप चालतो. ही चुणी म्हणजे अखंड तांबं. कापून जोडलेला कोपरा आज चालतो आणि आठवड्यानं दगा देतो.

तिरक्या घडीवरून जाणाऱ्या प्लसच्या पट्टीवर टेपचा आणखी एक ३ सेंमीचा तुकडा चढवा. तांबं वारंवार वाकून तडकतं, आणि या कार्डात वाकणारी जागा हीच. पाळीवर पट्टी भोकाच्या जेमतेम पुढे नेऊन थांबवा. ती सेलच्या बाहेर डोकावली तर दाबल्यावर खालच्या मायनसला टेकेल आणि सेल शॉर्ट होईल, म्हणजे वीज दिव्यांना टाळून थेट प्लसवरून मायनसला जाईल.

शॉर्ट व्हायची आणखी एक छुपी जागा आहे. सेल हातात घेऊन निरखा. प्लसचा पत्रा वरच्या तोंडापुरता नसतो, तो वळून कडेवरही उतरतो. मायनस म्हणजे खालची किंचित उंच, थोडी लहान चकती. आपण सेल मायनस खाली ठेवणार, आणि मायनसची पट्टी त्याच्या पोटाखालून बाहेर निघते, म्हणजे नेमकी प्लसच्या कडेखालून जाते. जोरात दाबलं की दोघांची गाठ पडू शकते. म्हणून जिथे पट्टी सेलखालून बाहेर येते तिथे तिच्यावर साध्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, सेलच्या कडेखाली दोन-तीन मिमी आत जाईल असा. मधलं तांबं उघडं राहू द्या.

एलईडी बसवणं

दोन्ही पाय बल्बपासून २ मिमी सोडून बाहेरच्या बाजूला सपाट वाकवा. बल्बला लागून वाकवलेत तर पाय मुळातून सुटतो. टोकाचा एकेक सेंमी नागमोडी करून घ्या, म्हणजे टेपखालून सरकत नाही. बल्ब आडवा झोपवा. पुढे तोंड करून उभा केला तर खिडकीत एक टोचणारा ठिपका दिसतो. आडव्या बल्बचा उजेड कागदावर आपटून पसरतो आणि खिडकी सगळीकडून सारखी उजळते. पारदर्शक बल्ब असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासून दुधी करा.

लांब पाय डाव्या पट्टीवर, आखूड उजव्या. पाय उघड्या तांब्यावर ठेवा, वरून टेपचा दोन सेंमीचा तुकडा चढवा आणि पायाच्या दोन्ही अंगांना नखानं इतकं घासा की तारेचा आकार वर उमटेल. केसभर उचललेला पाय म्हणजे याच ठिकाणची हयगय. डिंक वीज नेणारा नसला तरी खाली पाय तांब्याला थेट टेकलेला असतो, म्हणून हा जोड निभावतो. डाक द्यायची सवय असेल तर इथे जरूर द्या. दोन सेकंद टेकवा, कागद जळत नाही. सवय नसेल तर या कार्डासाठी शिकायची गरज नाही, पण देत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब.

आता परीक्षा. सेल मायनस खाली करून जागेवर ठेवा, कोपरा दुमडून दाबा. दोन्ही पेटले? कागद हातात घेऊन हलवा, थोडा वाकवा, टेबलावर आपटा. लुकलुकला तर तो दिवा सुटायच्या बेतात आहे. एकेका जोडावर बोट दाबत जा; ज्यावर दाबल्यावर उजेड स्थिर होतो तो जोड पुन्हा घासा. एक पेटतो आणि दुसरा नाही, तर दुसऱ्याचे पाय उलटे लागलेत किंवा त्याचा जोड सुटलाय. दोन्ही गप्प असतील तर आधी सेल उलटा करून पाहा, मग घडीवरची पट्टी तपासा. सेल कोमट लागला तर ताबडतोब काढा, कुठेतरी शॉर्ट आहे.

फोम आणि स्वीच

फोम टेपचे थर चढवून साधारण ४ मिमी उंची करा. सेलच्या भोवती तीन बाजूंना तुकडे लावा, सेल आत घट्ट बसला पाहिजे. फोम सेलपेक्षा किंचित उंच असल्यामुळे वरची पाळी हवेत तरंगते. दाबलं की टेकते, सोडलं की उठते. नुसत्या हातात धरल्यावरही दिवा पेटत असेल तर फोमचा आणखी एक थर चढवा. खूप जोर द्यावा लागत असेल तर पाळीवरच्या भोकापाशी टेपचे दोन-तीन तुकडे एकावर एक लावून तिथे उंचवटा करा (टेपचा डिंक वीज नेणारा असेल तरच).

दाबायचाच स्वीच का? सरकवायचे, ओढायचे प्रकारही आहेत, पण कुणीतरी चालू ठेवून विसरतंच, आणि सतत पेटता ठेवलेला सेल काही तासांतच मलूल व्हायला लागतो. दाबणारा माणूस पाच सेकंद बघतो आणि सोडतो. अशानं तोच सेल महिनोन् महिने पुरतो.

खिडकी आणि चांदणीभोवतीही फोमची चौकट करा. तिचं काम डबीचं: एका दिव्याचा उजेड दुसऱ्याकडे पाझरत नाही. बाहेरच्या कडांनाही फोम लावा.

मुखपृष्ठ

आता रंगवा, मनसोक्त. रंग पूर्ण वाळल्यावर भोकांच्या मागून ट्रेसिंग पेपर चिकटवा. उजेड अजून टोचत असेल तर दोन थर. खिडकीचे गज मागच्या बाजूनं काळ्या कागदाच्या पट्ट्यांचे केलेत तर विझलेले असताना दिसत नाहीत आणि पेटल्यावर अचानक उमटतात. मला तेच सगळ्यात आवडतं. बाकी पानाच्या मागे भोकांएवढी जागा सोडून काळा कागद लावा, नाही तर भिंतीतूनही उजेड झिरपतो. इथे चमकी फॉइल लावायचा मोह होईल, पण फॉइल पट्ट्यांना टेकली की सगळंच शॉर्ट.

सर्किटचा कागद पुढच्या पानाच्या आतल्या बाजूला फोमवर चिकटवा. चिकटवण्याआधी एकदा दाबून बघा, चिकटवल्यावर पुन्हा एकदा. मग त्याच्या पाठीवर साधा कागद अस्तर म्हणून लावा. दुमडलेल्या कोपऱ्यानं सोडलेली रिकामी जागा झाकली जाते आणि सेल बाहेर निसटत नाही. मजकूर समोरच्या पानावर लिहा. अस्तरावर लिहिताना पेनाच्या दाबानं दिवे पेटत राहतात, गंमत वाटते, पण जोड हलतात.

देताना

पाठवायचं असेल तर सेल आणि पाळी यांच्यामध्ये कागदाची अरुंद पट्टी घालून टोक कार्डाबाहेर ठेवा, ‘ओढा’ असं लिहून. गठ्ठ्यात दाबलं गेलं तरी दिवा पेटत नाही. लिथियम सेलसाठी टपाल आणि कुरियरच्या अटी असतात, त्या आधी विचारून घ्या.

कार्ड लहान मुलांच्या हाती जाणार असेल तर अस्तराच्या चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा आणि ओढायच्या पट्टीची फट ठेवू नका, कार्ड हातानंच द्या. हा सेल मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. लक्षणांची वाट न बघता, उलटी न करवता सरळ रुग्णालय गाठायचं. घरात अगदी लहान मूल असेल तर मी हे कार्ड देत नाही, साधंच देते. संपलेल्या सेलच्या दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात टाका.

आणि मागच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहून ठेवा: सेल सीआर २०३२, प्लस वर, बदलायला अस्तराची खालची कड सोडवा.